४२९४९६७२९७ : एका दहा अंकी संख्येची उकल

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. नुसती वाचली तर या संख्येत काही विशेष जाणवत नाही. शेवटचा अंक ७ आहे, म्हणजे २ ने किंवा ५ ने भाग जाणार नाही. अंकांची बेरीज ५९ येते, म्हणजे ३ नेही नाही. ७, ११ आणि १३ यांची कसोटी एकदमच लावता येते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि ते आळीपाळीने मिळवायचे-वजा करायचे: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला ७, ११, १३ यांपैकी कोणीच निःशेष भागत नाही, म्हणून आपल्या संख्येलाही नाही.

शाळेत शिकलेल्या कसोट्या इथे संपतात. यापुढे १७, १९, २३ असे एकेका मूळ संख्येने भागत जायचे ठरवले, तर वर्गमुळापर्यंत जावे लागते. संख्या संयुक्त असेल तर तिच्या दोन अवयवांपैकी लहान अवयव वर्गमुळापेक्षा मोठा असूच शकत नाही. आपल्या संख्येचे वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. हातात कागद-पेन्सिल असेल तर हे महिन्यांचे काम. पण ही संख्या कशी घडली आहे हे एकदा ओळखले, की ६५४२ भागाकारांचे काम एका भागाकारावर येते. मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: ही संख्या आली कुठून?

संख्येची घडण

२ पासून सुरुवात करा आणि पाच वेळा वर्ग करा: ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. शेवटच्या संख्येत १ मिळवला की आपली संख्या तयार. म्हणजे ती २ चा ३२ वा घात अधिक १ आहे. पुढे हे २^३२ + १ असे लिहू. आधीच्या पायऱ्यांवर थांबून १ मिळवला असता तर ५, १७, २५७, ६५५३७ आल्या असत्या, आणि २ मध्येच १ मिळवला असता तर ३. या पाचही मूळ संख्या आहेत.

घातांक ३२ च का, ३३ किंवा ३६ का नाही? घातांकाला १ पेक्षा मोठा विषम विभाजक असेल तर संख्या लगेच फुटते. उदाहरणार्थ, १२ = ४ × ३, म्हणून २^१२ + १ ला २^४ + १ म्हणजे १७ ने भाग जातो: ४०९७ = १७ × २४१. २^३३ + १ ला तर ३ नेच भाग जातो. १, २, ४, ८, १६, ३२ यांसारखे जे घातांक स्वतःच २ चे घात आहेत, फक्त त्यांच्याच बाबतीत ही सोपी फोड होत नाही. म्हणून २ च्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल तर शोध याच घातांकांपुरता उरतो.

फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये असे मत मांडले की या साखळीतली प्रत्येक संख्या मूळ असते. सिद्धता त्यांच्याकडे नव्हती. गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये पत्रातून हा प्रश्न ऑयलर यांच्यापुढे ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवले की साखळीतली सहावी संख्या, म्हणजेच आपली ४२९४९६७२९७, मूळ नाही. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

हे उत्तर नुसते वाचून पुढे जाऊ नये. ६४१ सापडला कसा, हा यातला सर्वात मोलाचा भाग आहे.

अवयव कुठे शोधायचा

आधी लहान उदाहरण घेऊ. १७ = २^४ + १. २ च्या घातांना १७ ने भागून बाक्या लिहा: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १. पुढे परत २, ४, ८ हेच चक्र सुरू होते. चक्राची लांबी ८. बरोबर मध्यावर, चौथ्या जागी, बाकी १६ आहे. १७ ने भागताना १६ म्हणजे १ कमी, म्हणून ती −१ मानली तरी चालते. −१ चा वर्ग १, म्हणून दुप्पट अंतरावर, आठव्या जागी, बाकी १ येते.

आता p ही मूळ संख्या २^३२ + १ ला निःशेष भागते असे समजा. मग p ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची बाकी १. बाक्यांच्या चक्राची लांबी ६४ ला भागणारी असली पाहिजे, पण ३२ ला भागणारी असता कामा नये, नाहीतर ३२ व्या जागीच १ आला असता. ६४ चे विभाजक १, २, ४, ८, १६, ३२, ६४. यातला ६४ वगळता प्रत्येक जण ३२ लाही भागतो. म्हणून लांबी नेमकी ६४.

याला फर्मा यांच्याच दुसऱ्या प्रमेयाची जोड द्यायची: p ही विषम मूळ संख्या असेल तर २^(p−१) ला p ने भागून बाकी १ उरते. म्हणजे p − १ ही चक्राच्या लांबीच्या, ६४ च्या, पटीत असली पाहिजे. थोडक्यात, आपल्या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४k + १ या साच्यातलाच असतो. १७, १९, २३ आणि अशा हजारो संख्यांना हातही लावायची गरज नाही.

साच्यातल्या संख्या लिहून पाहू: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यात ६५, १२९, ३२१, ३८५, ५१३ या संयुक्त आहेत, त्या गाळा. उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच प्रयत्नाला अवयव हाती येतो.

१८७८ मध्ये एदुआर ल्युका यांनी ही चाळणी आणखी बारीक केली. p ही ६४k + १ अशी असेल तर तिला ८ ने भागून बाकी १ उरते, आणि अशा मूळ संख्येच्या बाबतीत कोणती तरी संख्या s अशी सापडते, की s च्या वर्गाला p ने भागून बाकी २ येते. २ चे चक्र ६४ लांबीचे, म्हणून s चे चक्र १२८ लांबीचे. परिणामी p − १ ही १२८ च्याही पटीत हवी. साचा आता १२८k + १: म्हणजे १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यात मूळ दोनच, २५७ आणि ६४१. त्यातली २५७ ही आपल्याच साखळीतली आधीची संख्या आहे. तिने भागल्यावर २^८ ची बाकी −१, २^१६ ची १, २^३२ चीही १, म्हणजे आपल्या संख्येची बाकी २. ती बाद. उरला फक्त ६४१.

दहा अंकी भागाकार न करता बाकी काढणे

६४१ ने भाग जातो का हे पाहण्यासाठी ४२९४९६७२९७ ला सरळ भागता येतेच. पण घात जितका मोठा, तितका तो मार्ग अवघड होत जातो. म्हणून सवय वर्ग करत जाण्याची लावावी: दर पायरीला वर्ग करा, लगेच बाकी घ्या, आणि त्या बाकीचाच पुढचा वर्ग करा.

२^८ = २५६. हे ६४१ पेक्षा लहान आहे, तसेच ठेवा. त्याचा वर्ग ६५५३६; यातून ६४१ × १०२ = ६५३८२ वजा केले की १५४ उरतात. १५४ चा वर्ग २३७१६; यातून ६४१ × ३६ = २३०७६ वजा केले की ६४० उरतात. ६४० म्हणजे −१. तर २^३२ ची बाकी −१, आणि त्यात १ मिळवला की शून्य. भाग निःशेष गेला.

हीच कृती १९३ साठी केली तर बाक्या ६३, १०९, १०८ अशा येतात; १०८ + १ = १०९, शून्य नाही. ४४९ साठी २५६, ४३१, ३२४, शेवटी ३२५. ५७७ साठी २५६, ३३५, २८७; शेवटी २८८. हाताने करताना चूक बहुतेक वेळा दोनच जागी होते: बाकी घ्यायची राहून जाते आणि पुढचा वर्ग अकारण फुगतो, किंवा शेवटचा १ मिळवायचा राहतो. ४३१ सारखी मोठी बाकी आली तर तिच्याऐवजी −१८ वापरावे (४४९ − १८ = ४३१). १८ चा वर्ग ३२४, तोंडी होतो. एवढ्या एका बदलाने निम्मे कष्ट वाचतात.

६४१ च्या बाबतीत तर वर्गांचीही गरज नाही. दोन साध्या बेरजा पाहा:

६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६.

पहिलीवरून, ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१. दोन्हींचा चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसरीवरून ५^४ म्हणजे ६२५ ची बाकी −१६, म्हणजेच −२^४. ती पहिल्यात घाला: −२^४ × २^२८ = −२^३२ ची बाकी १. म्हणून २^३२ ची बाकी −१. सिद्धता पूर्ण झाली, आणि १००० पेक्षा मोठी एकही संख्या लिहावी लागली नाही. अंकगणितातल्या सर्वात सुंदर ओळींत हिची गणना करावी.

याच दोन बेरजांमधून आणखी एक गोष्ट निघते. ६४१ ने भागल्यावर १०^८ ची बाकीही १५४ च येते, २^१६ इतकीच. म्हणून १०^१६ ची बाकी −१ आणि १०^३२ ची १. याचा अर्थ १ ÷ ६४१ हा अपूर्णांक दशांशात लिहिला तर नेमके ३२ अंकांचे आवर्तन मिळते, आणि आवर्तनाचा पहिला अर्धा भाग व दुसरा अर्धा भाग एकाखाली एक मांडून मिळवले की सगळे ९ येतात.

६७००४१७ मूळ आहे हे कसे कळले

अवयव सापडला म्हणजे काम संपले असे समजणे ही नेहमीची चूक. ६७००४१७ आणखी फुटते का, हे तपासावेच लागते. तिचे वर्गमूळ २५८८ च्या थोडे पुढे आहे. तिचा कोणताही मूळ अवयव आपल्या मोठ्या संख्येचाही अवयव असणार, म्हणून तोही १२८k + १ या साच्यातलाच हवा. २५८८ पर्यंत या साच्यात वीस संख्या येतात आणि त्यांतल्या मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ आधीच बाद झाली. उरलेल्या चौघांनी ६७००४१७ ला भागून पाहिले तर बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. चार भागाकारांत सात अंकी संख्येचा निकाल लागला.

६४१ ने परत भागून पाहणे विसरू नये. तीच मूळ संख्या दोनदा अवयव असू शकते आणि तसे असते तर विभाजकांची संख्या, बेरीज, सगळेच बदलले असते.

विभाजक, त्यांची बेरीज आणि सहमूळ संख्या

अवयव एकदा पक्के झाले की बाकीचे गुणधर्म हिशेबाने मिळतात. विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि संख्या स्वतः. त्यांची बेरीज (१ + ६४१) × (१ + ६७००४१७) = ६४२ × ६७००४१८ = ४३०१६६८३५६. संख्या स्वतः वगळली तर उरलेल्या तीन विभाजकांची बेरीज ६७०१०५९ होते, संख्येच्या एक सहाशेव्या भागाहूनही कमी. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येइतकी असते, उदाहरणार्थ ६ = १ + २ + ३. आपली संख्या त्यापासून फार दूर आहे.

१ पासून ४२९४९६७२९७ पर्यंत अशा किती संख्या आहेत, की ज्यांचा आपल्या संख्येशी १ सोडून सामाईक विभाजक नाही? ६४१ च्या पटीतल्या ६७००४१७ संख्या काढून टाका, ६७००४१७ च्या पटीतल्या ६४१ काढून टाका. संख्या स्वतः दोन्ही यादीत असल्याने ती दोनदा वजा झाली, म्हणून १ परत मिळवा. हा १ हमखास विसरतो. उत्तर ४२८८२६६२४०. पडताळा सोपा आहे: ६४० × ६७००४१६ हाच गुणाकार येतो.

या आकड्याचे महत्त्व असे की तो कोणी सांगितला, तर अवयव न शोधताच मिळतात. संख्या अधिक १ यातून तो वजा केला की ६७०१०५८ उरतात, आणि हीच दोन अवयवांची बेरीज. बेरीज माहीत, गुणाकार माहीत, मग एक वर्गसमीकरण सोडवले की काम झाले. आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत याच जागी उभी आहे. तिथे मूळ अवयव शेकडो अंकी असतात आणि सहमूळ संख्यांचा हा आकडा बाहेर फुटला तर सगळे गुपित फुटते.

शेजारच्या दोन संख्या

एखाद्या संख्येचा स्वभाव नीट कळायला तिचे शेजारी पाहावेत. आकारात फरक नसतो, आणि तरी गुणधर्म कुठल्या कुठे जातात.

एकने लहान ४२९४९६७२९६ म्हणजे २^३२. तिचे ३३ विभाजक आहेत आणि स्वतःला वगळून त्यांची बेरीज ४२९४९६७२९५ भरते, परिपूर्ण व्हायला फक्त १ कमी.

दोनने लहान ४२९४९६७२९५ म्हणजे २^३२ − १. वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र पुन्हा पुन्हा लावले की ती सुटी होते: (२^१६ + १)(२^८ + १)(२^४ + १)(२^२ + १)(२ + १), म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. आपल्या साखळीतल्या आधीच्या पाचही संख्यांचा गुणाकार! विभाजक ३२. यातूनच हेही कळते की ४२९४९६७२९७ चा या पाचांपैकी कोणाशीही सामाईक अवयव असू शकत नाही. असता तर तो दोघींमधल्या फरकालाही, म्हणजे २ लाही भागला असता, पण इथे सगळ्याच संख्या विषम आहेत.

भूमितीत तर हा फरक फारच ठळक होतो. केवळ पट्टी आणि कंपास वापरून विषम संख्येइतक्या बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो का, हे त्या संख्येच्या अवयवांवर ठरते: अवयव सगळे वेगवेगळे आणि सगळे याच साखळीतल्या मूळ संख्या असले पाहिजेत. १७ बाजूंचा सुसम बहुभुज असा काढता येतो हे गाउस यांनी १७९६ मध्ये दाखवले. म्हणून ४२९४९६७२९५ बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो, आणि विषम बाजूंच्या बहुभुजांत याहून मोठा कोणताही आजवर माहीत नाही. दोनच बाजू वाढवा, ४२९४९६७२९७ करा, की तो कधीच काढता येत नाही. कारण ६४१ त्या साखळीत नाही.

दोन वर्गांची बेरीज, तीही दोन प्रकारे

आपली संख्या ६५५३६^२ + १^२ आहे हे तिच्या घडणीतच दिसते. चारने भागून १ बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. म्हणून दुसरा प्रकार सापडला तर तेवढ्यावर संख्या संयुक्त ठरते. आणि इथे दुसरा प्रकार आहे:

६२२६४^२ + २०४४९^२ = ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१ = ४२९४९६७२९७

गंमत म्हणजे २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे.

ही दुसरी जोडी अवयवांमधून येते. ६४१ = २५^२ + ४^२ आणि ६७००४१७ = २५५६^२ + ४०९^२. तिरपे गुणाकार करा: २५ × २५५६ = ६३९०० आणि ४ × ४०९ = १६३६. यांची बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. तसेच २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४. यांची वजाबाकी १, बेरीज २०४४९. चारही आकडे मिळाले.

उलट दिशेनेही जाता येते, आणि ती ऑयलर यांची अवयव काढण्याची एक पद्धत आहे. समजा ६४१ माहीत नाही, फक्त दोन जोड्या हातात आहेत. सम संख्यांची वजाबाकी ६५५३६ − ६२२६४ = ३२७२, विषम संख्यांची वजाबाकी २०४४९ − १ = २०४४८. यांचा मसावि ८. सम संख्यांची बेरीज १२७८००, विषमांची बेरीज २०४५०. यांचा मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करा: ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. अवयव आपोआप हाती आला. अडचण एवढीच की दुसरी जोडी आधीपासून माहीत असेल तरच ही पद्धत उपयोगी. ती शोधत बसणे हे अवयव शोधण्याइतकेच कष्टाचे.

ज्या कसोट्या इथे फसतात

मूळ संख्या ओळखण्याची सर्वात प्रसिद्ध जलद कसोटी अशी: २^(n−१) ला n ने भागा, बाकी १ आली नाही तर n नक्कीच संयुक्त. आपल्या संख्येला ही लावली तर बाकी १ येते! कारण n − १ म्हणजे २^३२, आणि ही ६४ च्या पटीत आहे. २^६४ ची बाकी १ असल्याने २ चा हा अवाढव्य घातही १ वरच येऊन थांबतो. या साखळीतली प्रत्येक संख्या, मूळ असो वा संयुक्त, ही कसोटी उत्तीर्ण होते. म्हणून पाया २ घेऊन केलेली चाचणी इथे काहीच सांगत नाही.

पाया ३ घेतला की चित्र पालटते. पेपँ यांनी १८७७ मध्ये यासाठी नेमकी कसोटी दिली: ३ पासून सुरुवात करून ३१ वेळा वर्ग करा, दर वेळी बाकी घ्या, शेवटी −१ आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. आपल्या संख्येसाठी ३१ वर्गांनंतर १०३२४३०३ येते, −१ नाही. अजून एक वर्ग केला की ३०२९०२६१६० येते. मूळ संख्या असती तर इथे १ यायला हवा होता. दहा अंकी बाक्यांचे ३२ वर्ग, हे सतराव्या शतकातही चिकाटीने होण्यासारखे काम होते.

फर्मा यांची अवयव काढण्याची स्वतःची पद्धतही इथे चालत नाही. तिच्यात संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून शोधतात: ६५५३७ पासून एकेक वाढवत वर्ग करायचा, आपली संख्या वजा करायची आणि उरते ते पूर्ण वर्ग आहे का बघायचे. पहिल्या पायरीला १३१०७२ उरतात, हा पूर्ण वर्ग नाही. उत्तर येते ते ३३५०५२९^२ − ३३४९८८८^२ इथे, म्हणजे ३२८४९९३ व्या पायरीला. ही पद्धत दोन्ही अवयव जवळपास सारखे असताना जलद असते. इथे एक तीन अंकी आणि दुसरा सात अंकी.

संगणकावर हे हिशेब करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. ३२ बिटांत मावणारी सर्वात मोठी संख्या ४२९४९६७२९५ आहे. आपली संख्या तिच्याहून फक्त २ ने मोठी, आणि ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवायला गेलात तर तिथे १ साठवला जातो. कसलीही सूचना न देता. ६४ बिट घेतले की संख्या आरामात मावते, पण वर्ग करताना पुन्हा तोच खड्डा: सर्वात मोठी बाकी २^३२, तिचा वर्ग २^६४, आणि ६४ बिटांची कमाल मर्यादा २^६४ − १. बरोबर एकाने ओलांडली जाते आणि वर्गाच्या जागी शून्य येतो. दशांश चिन्हाच्या प्रकारात हिशेब केला तर २^५३ च्या पुढे शेवटचे अंक गळू लागतात आणि बाकी चुकते. मधले गुणाकार १२८ बिटांत ठेवावेत किंवा कितीही अंक सांभाळणारा पूर्णांकाचा प्रकार वापरावा. वर दिलेले १०३२४३०३ हे उत्तर येते का, यावरून आपला कार्यक्रम तपासता येतो.

पुढची संख्या

साखळीतली पुढची संख्या २^६४ + १ वीस अंकी आहे. तिच्या अवयवांचा साचा २५६k + १. इथे k = ५ सारखे झटपट यश नाही; लहान अवयव २७४१७७ येतो तो k = १०७१ ला, आणि दुसरा अवयव ६७२८०४२१३१०७२१. ही फोड लांद्री यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केली. शोधायला कठीण, पण पडताळायला वरचीच कृती पुरते. २^१६ = ६५५३६. त्याचा वर्ग म्हणजे आपल्या ओळखीची ४२९४९६७२९६. तिला २७४१७७ ने भागले की बाकी २५८७६८, म्हणजेच −१५४०९. आता १५४०९ चा वर्ग करा: २३७४३७२८१. आणि २७४१७७ × ८६६ = २३७४३७२८२, बरोबर एक जास्त. म्हणून बाकी −१, आणि २^६४ + १ ला २७४१७७ ने निःशेष भाग जातो.